नाव नसलेलं बोनाफाईड

एस.टी.चा सवलतीचा पास कधी ना कधी काढला असेलच तुम्ही. मग 'बोनाफाईड' हा शब्द समजावून सांगायला नको. कॉलेजच्या ऑफिसात अर्ज द्यायचा, दोन-तीन हेलपाटे घालायचे आणि शेवटी एक कागद हातात पडतो. अमुक अमुक हा या कॉलेजचा विद्यार्थी आहे, प्रमाणपत्र फक्त पाससाठी दिलं आहे, खाली सही, शिक्का, तारीख, वर जावक क्रमांक. तो कागद डेपोच्या खिडकीतून आत सरकवला की काम फत्ते! खिडकीतले काका तुम्हाला ओळखत नाहीत, आणि त्यांना ओळखण्याची गरजही नाही. ते कॉलेजचा शिक्का ओळखतात.

आता हे पुराण इंजिनिअरिंगच्या मासिकात कशाला? तर आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा एक प्रश्न याच कागदाने सुटतो. प्रश्न असा, की रात्री अकरा वाजता, हॉस्टेलच्या खोलीत बसून, सेमिनारसाठी लागणारा एखादा रिसर्च पेपर आपल्याला उघडता का येत नाही? पैसे तर लायब्ररीने भरलेत. जर्नल आपल्या कॉलेजला 'लागू' आहे. आणि तरी स्क्रीनवर येतं, हा लेख विकत घ्या, अमुक डॉलर. म्हणजे दाराशी उभं राहून आपण मेंबर आहोत हे सांगायची सोयच नाही!

सुचणारा पहिला उपाय म्हणजे प्रत्येकाला अकाउंट काढून द्या. ऐकायला सोपं वाटतं. समजा कॉलेजात दोन हजार मुलं-मुली आहेत आणि लायब्ररी आठ प्रकाशकांची जर्नल्स घेते. झाले सोळा हजार अकाउंट! ती कोण काढणार, पासवर्ड विसरल्यावर कोण रिसेट करणार, आणि फायनल इयर पास होऊन गेल्यावर त्यांची अकाउंट आठ ठिकाणी जाऊन कोण बंद करणार? बिचारे लायब्ररीयन सर एकटे आहेत. देशपातळीवर हाच हिशोब बघा. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार जर्नल्स, ६,३०० च्या वर सरकारी संस्था, सुमारे १.८ कोटी वाचक आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. प्रत्येक वाचकाला प्रत्येक प्रकाशकाकडे वेगळं अकाउंट द्यायचं म्हटलं तर ५४ कोटी अकाउंट! आणि कशासाठी? नुसतं वाचण्यासाठी. वाचणारा तिथे काही लिहीत नाही, बदलत नाही, ठेवत नाही. ज्याचं तिथे स्वतःचं असं काहीच नाही, त्याला तिथे स्वतःचं कपाट कशाला हवं?

दुसरा उपाय अस्सल देशी आहे. एकच यूजरनेम, एकच पासवर्ड, आणि तो काउंटरवर सेलोटेपने चिकटवलेला. सगळ्यांनी तोच वापरायचा. हा पासवर्ड आठवड्यात शेजारच्या दोन कॉलेजांत पोचतो हे वेगळं सांगायला नको. तो कधी बदलला जात नाही, कारण बदलला तर दोन हजार लोकांना कळवायचं कसं? आणि कुणी आगाऊपणा करून स्वतःच बदलून टाकला, तर सगळेच बाहेर. नुसतं वाचायचं तर आहे, काय बिघडतंय, असं म्हणणारे खूप भेटतात. बिघडतं ते असं, की गडबड झाली तर ती कुणी केली हे कॉलेजलाही कळत नाही आणि प्रकाशकालाही नाही. शिक्षा मात्र सगळ्यांना.

तिसरा उपाय आज बहुतेक ठिकाणी चालतो, तो आय.पी. पत्त्याचा. कॉलेज प्रकाशकाला आपल्या नेटवर्कचे आय.पी. पत्ते कळवतं, त्या पत्त्यांवरून जो येईल त्याला दार उघडं. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, झकास! पण ही सोय माणसाची नाही, जागेची आहे. लायब्ररीच्या खुर्चीत बसलात तर तुम्ही मेंबर, हॉस्टेलच्या खाटेवर बसलात तर नाही, कारण कित्येक कॉलेजांत हॉस्टेलचं इंटरनेट वेगळ्याच कंपनीचं असतं. सुट्टीत परभणीला किंवा सावंतवाडीला घरी गेलात, की विद्यार्थीपण संपलं. यावर एक जुगाड अमेरिकेत निघाला. ॲरिझोनातल्या एका कम्युनिटी कॉलेजचा लायब्ररीयन क्रिस झॅगर याने १९९९ साली 'इझीप्रॉक्सी' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. घरून येणाऱ्याला ते कॉलेजचा पासवर्ड विचारतं आणि मग कॉलेजच्या आय.पी. वरून त्याच्या वतीने जर्नल उघडतं. साधी युक्ती, पण इतकी चालली की २००८ साली ओ.सी.एल.सी. या लायब्ररी संस्थेने ती विकतच घेतली. एका लायब्ररीयनने स्वतः बसून कोड लिहिला हे मला फार आवडतं. पण प्रॉक्सी असली तरी प्रकाशकाला दिसतो तो कॉलेजचाच पत्ता. माणूस दिसतच नाही.

आणि माणूस दिसत नाही म्हणजे काय होतं, याचं उदाहरण २०१० साली खुद्द एम.आय.टी.मध्ये घडलं. 'जेस्टोर' हा जुन्या जर्नल्सचा मोठा संग्रह आहे. एम.आय.टी.च्या नेटवर्कवरून येणाऱ्या कुणालाही तो उघडता यायचा, आणि पाहुण्यालाही त्या नेटवर्कवर सहज नोंद करता यायची. ॲरन स्वार्ट्झ या तेवीस वर्षांच्या प्रोग्रॅमरने 'गॅरी होस्ट' असं नाव देऊन लॅपटॉप जोडला (आद्याक्षर आणि आडनाव जोडून वाचा, 'घोस्ट' म्हणजे भूत!) आणि एका स्क्रिप्टने धडाधड लेख उतरवायला सुरुवात केली. जेस्टोरला नुसतं दिसत होतं, की एम.आय.टी.च्या एका पत्त्यावरून पूर आलाय. त्यांनी तो पत्ता बंद केला. त्याने दुसरा घेतला. शेवटी ऑक्टोबर २०१० मध्ये जेस्टोरने सगळ्या एम.आय.टी.चाच प्रवेश काही दिवस बंद ठेवला. म्हणजे एका लॅपटॉपमुळे अख्ख्या विद्यापीठाचं वाचन थांबलं! आरोपपत्राप्रमाणे उतरवलेले लेख होते सुमारे ४८ लाख. जानेवारी २०११ मध्ये त्याला अटक झाली, त्याच्यावर फेडरल खटला भरला गेला, आणि तो उभा राहण्याआधीच, ११ जानेवारी २०१३ ला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. तो बरोबर की चूक यावर आमच्या विंगमध्ये दोन रात्री वाद झाला आणि मिटला नाही. ज्ञान सगळ्यांना खुलं असावं असं मलाही वाटतं. पण इथे मुद्दा तांत्रिक आहे. जेस्टोरकडे कुऱ्हाडच होती, चाकू नव्हता. एकाला थांबवायचं तर सगळ्यांना थांबवणं, एवढा एकच मार्ग त्या रचनेत होता.

तर आता नीट विचार करूया. प्रकाशकाला नेमकं काय माहीत हवं? तुमचं नाव? नको. ई-मेल? नको. कुठली ब्रँच, कितवा सेम? काय करायचंय त्याला! त्याच्या करारात एवढंच लिहिलेलं असतं, की या संस्थेच्या सदस्यांनाच वाचू द्यावं. म्हणजे प्रश्न एकच आहे, हा सदस्य आहे का? उत्तर हो किंवा नाही. आणि ते उत्तर खात्रीने देऊ शकणारी जागा जगात एकच, आपलं कॉलेज. म्हणून अकाउंट कॉलेजात एकच असावं, आणि बाकी सगळ्यांनी कॉलेजचं बोनाफाईड बघून दार उघडावं. फक्त या बोनाफाईडवर नाव नसेल!

सगळीकडे मिळून एकच लॉगिन, ही 'सिंगल साइन-ऑन'ची कल्पना तशी नवी नाही. एम.आय.टी.मध्येच १९८३ साली 'प्रोजेक्ट अथेना' सुरू झाला, त्यातून 'केर्बेरॉस' जन्माला आलं. सिक्युरिटीच्या पेपरला आठ मार्कांसाठी आपण ज्याची आकृती पाठ करतो, तेच ते तीन तोंडांचं कुत्रं. सकाळी एकदा पासवर्ड द्या, एक 'तिकीट' मिळतं, मग दिवसभर प्रिंटर, फाईल सर्व्हर सगळीकडे ते तिकीट चालतं. पण केर्बेरॉस एका घरातलं काम छान करतं. दोन घरांचा व्यवहार आला की दोघांनी आधी आपसात एक गुप्त किल्ली वाटून घ्यावी लागते. हजारो कॉलेजं आणि डझनावारी प्रकाशक, कोण कुणाशी किती किल्ल्या वाटणार? शिवाय आपलं सगळं वाचन ब्राउझरमध्ये.

त्यासाठी 'सॅमल' नावाचं प्रमाण आलं. पहिली आवृत्ती २००२ साली, आणि आज सगळीकडे चालते ती २.० ही आवृत्ती मार्च २००५ मध्ये. त्यावर आधारलेलं, विद्यापीठांनी विद्यापीठांसाठी बनवलेलं आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर म्हणजे 'शिबोलेथ'. अमेरिकेतल्या 'इंटरनेट टू' या गटाने त्याची १.० आवृत्ती २००३ साली काढली.

नाव विचित्र आहे ना? पण आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना ते ओळखीचं वाटतं. बायबलच्या जुन्या करारात 'शास्ते' नावाचं पुस्तक आहे, त्याच्या बाराव्या अध्यायात ही गोष्ट येते. गिलादच्या लोकांनी एफ्राईमच्या लोकांचा पराभव केला आणि यार्देन नदीचे उतार अडवून ठेवले. पळून जाणारा कुणी आला की त्याला म्हणायचे, "शिब्बोलेथ म्हण." एफ्राईमच्या माणसाला 'श' जमायचा नाही, तो 'सिब्बोलेथ' म्हणायचा, आणि तिथेच मारला जायचा. बेचाळीस हजार माणसं मेली असं तिथे लिहिलंय. शब्दाचा अर्थ नुसता 'कणीस', बरं का! आपल्याकडे कुणी 'ळ' म्हणायला लावतं ना, "टिळक टाळ्या" वगैरे, तसाच प्रकार. माझ्या 'ळ'वर हॉस्टेलमध्ये पहिलं वर्षभर लोकांनी करमणूक करून घेतली, पण निदान जीव वाचला. असो. गोष्ट भयंकर आहे, पण सॉफ्टवेअरवाल्यांनी तिच्यातला एक धागा बरोबर उचलला. नदीवरच्या पहारेकऱ्याने कुणालाच नाव विचारलं नाही. तू कुणापैकी, एवढंच विचारलं.

आता हे चालतं कसं ते बोनाफाईडच्याच भाषेत पाहू. तुम्ही जर्नलच्या पानावर गेलात. तिथे 'संस्थेमार्फत लॉगिन' असं बटण असतं. ते दाबलं की यादी येते, तुमचं कॉलेज कुठलं? कॉलेज निवडलं की प्रकाशक तुमच्या ब्राउझरला आपल्या कॉलेजच्या सर्व्हरकडे पाठवतो, सोबत एक चिठ्ठी देऊन, "या माणसाबद्दल सांगा, माझा चिठ्ठी क्रमांक अमुक." कॉलेजचा सर्व्हर तुम्हाला यूजरनेम-पासवर्ड विचारतो. नीट लक्षात घ्या, पासवर्ड विचारणारं पान कॉलेजचं आहे. प्रकाशकाला तो पासवर्ड कधीच दिसत नाही. सकाळी तुम्ही दुसऱ्या कुठल्या जर्नलसाठी लॉगिन केलं असेल आणि ते अजून चालू असेल, तर तेवढंही विचारत नाही, सरळ पुढे. हेच ते सिंगल साइन-ऑन.

मग कॉलेजचा सर्व्हर प्रमाणपत्र लिहितो. त्याला सॅमलमध्ये 'असर्शन' म्हणतात. त्यात काय काय असतं बघा, आणि ऑफिसातला कागद डोळ्यांपुढे ठेवा. हे प्रमाणपत्र अमुक प्रकाशकासाठीच आहे, दुसरीकडे चालणार नाही, म्हणजे आपलं 'फक्त पाससाठी'. तुमच्या अमुक क्रमांकाच्या चिठ्ठीला हे उत्तर आहे, म्हणजे पत्राचा संदर्भ क्रमांक. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ग्राह्य, म्हणजे तारीख. फक्त इथली मुदत तीन महिन्यांची नसते, साधारण पाचेक मिनिटांची असते! आणि शेवटी डिजिटल सही, म्हणजे शिक्का. कॉलेजच्या प्रायव्हेट कीने सही होते, प्रकाशक पब्लिक कीने ती तपासतो. एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही. 'शिब्बोलेथ' हा शब्द घोकून घोकून कुणी शिकू शकेल, ही सही घोकून येत नाही.

राहिला मजकूर. इथेच खरी गंमत आहे. विद्यापीठांनी 'एज्युपर्सन' नावाची एक ठरलेली शब्दावली केली आहे. त्यात माणसाचं संस्थेशी नातं सांगायला आठच शब्द आहेत: फॅकल्टी, स्टुडंट, स्टाफ, एम्प्लॉयी, मेंबर, अफिलिएट, अलम आणि लायब्ररी-वॉक-इन. शेवटचा शब्द वाचून मला हसूच आलं. जो कॉलेजचा कुणीच नाही, पण आत्ता लायब्ररीत प्रत्यक्ष येऊन बसलाय, त्याच्यासाठीसुद्धा शब्द! यातला 'मेंबर' हा शब्द आणि पुढे आपल्या कॉलेजचं डोमेन, एवढंच प्रकाशकाला जातं. दुसरीही एक पद्धत आहे. 'लायब्ररीच्या नेहमीच्या अटीत बसणारा' अशा अर्थाचं एक ठराविक वाक्य पाठवायचं, मग तो विद्यार्थी की प्राध्यापक हेसुद्धा कळायला नको.

पण मग पुन्हा जेस्टोरसारखं झालं तर? नाव नाही म्हणजे एकट्याला पकडता येणार नाही, पुन्हा सगळं कॉलेज बंद! यासाठी एक सुंदर युक्ती आहे. कॉलेज तुमच्यासाठी एक टोपणनाव बनवतं. तुमचा कॉलेजातला क्रमांक, त्या प्रकाशकाचं नाव आणि कॉलेजकडचं एक गुपित, ज्याला 'सॉल्ट' म्हणजे चक्क मीठ म्हणतात, हे तिन्ही एकत्र करून हॅश फंक्शनमध्ये टाकायचं. बाहेर पडते अक्षरांची एक निरर्थक माळ. त्याच प्रकाशकाकडे तुम्ही दहादा गेलात तर दहाही वेळा तीच माळ जाते. दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलात तर तिन्हींपैकी एक गोष्ट बदलली, म्हणून माळ वेगळी. याचे परिणाम बघा. प्रकाशकाला तुमचं नाव कळत नाही. दोन प्रकाशकांनी आपापल्या याद्या शेजारी ठेवल्या तरी दोन्हीकडचा तू एकच, हे त्यांना जुळवता येत नाही. आणि तरीही एखादी माळ रात्रभर हजारो लेख उतरवायला लागली, तर प्रकाशक तेवढी एक माळ बंद करू शकतो आणि कॉलेजला कळवू शकतो. कॉलेजकडे नोंद असते, ते हुडकून काढतं. बाकीचे एक हजार नऊशे नव्याण्णव जण शांतपणे वाचत बसतात. चाकू मिळाला!

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कॉलेजला तर सगळं कळतंच! काही अंशी खरं आहे. कॉलेजच्या सर्व्हरवर एवढं नोंदलं जातं, की अमुक वेळी अमुक विद्यार्थी अमुक प्रकाशकाकडे गेला. तिथे जाऊन त्याने बॅटरीवरचा लेख वाचला की नैराश्यावरचा, हे कॉलेजला कळत नाही. ते प्रकाशकाला कळतं, पण त्याला नाव माहीत नसतं. दोघांकडे अर्धी-अर्धी नोट. ती जुळवायला दोघांनी मुद्दाम एकत्र यावं लागतं. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि कुठलीच नोटीस ती आपल्याला सांगत नाही. हॉस्टेलमध्ये कोण काय वाचतं यावर किती गप्पा होतात हे आपल्याला माहीत आहेच. एखाद्या मुलीला एखाद्या आजाराबद्दल वाचायचं असेल, तर तिच्या वाचनाची यादी कुणाच्याही टेबलावर अख्खी पडलेली नसावी. एवढ्यासाठी तरी आपल्या कॉलेजने या नोंदी किती दिवस ठेवणार आणि कोण बघू शकणार, हे लिहून लावायला हवं.

एक गोष्ट मात्र खटकते. काही प्रकाशक संस्थेमार्फत आत घेतात आणि आत गेल्या गेल्या विचारतात, "वैयक्तिक प्रोफाईल बनवा, नाव, ई-मेल, आवडीचे विषय." वाचायला ते लागत नाही. आपण मात्र सवयीने सगळं भरतो आणि बोनाफाईडवर खाडाखोड करून स्वतःच नाव लिहून देतो!

आता प्रकाशकाने कॉलेजच्या शिक्क्यावर विश्वास का ठेवावा? बँकेत आपल्या सहीचा नमुना ठेवलेला असतो ना, तसंच. पण प्रत्येक प्रकाशकाकडे जाऊन प्रत्येक कॉलेजने नमुना द्यायचा म्हटलं तर पुन्हा तेच केर्बेरॉसचं दुखणं. म्हणून मध्ये एक 'फेडरेशन' असतं. ते सगळ्या सदस्य संस्थांच्या पब्लिक की आणि पत्ते एका फाईलमध्ये ठेवतं आणि त्या फाईलवर स्वतः सही करतं. आपल्याकडे हे काम 'इन्फेड' करतं, म्हणजे इन्फ्लिबनेटचं फेडरेशन, तेही शिबोलेथवरच. इन्फ्लिबनेट आज गांधीनगरला आहे, पण त्याची नाळ आपल्या पुण्याशी जुळलेली! १९९१ साली यू.जी.सी.ने हा प्रकल्प 'आयुका'च्या छत्राखाली सुरू केला आणि १९९६ साली तो स्वतंत्र झाला. तारे बघणाऱ्यांच्या घरात लायब्ररीचं नेटवर्क वाढलं. जी संस्था इन्फेडची सदस्य आहे, तिच्या मुलांना कॅम्पसबाहेरूनही जर्नल उघडता येतं.

याच खानदानातला आणखी एक भाऊ म्हणजे 'एज्युरोम' हे वाय-फाय. दुसऱ्या विद्यापीठात गेलात तरी आपल्या कॉलेजच्या पासवर्डवर तिथलं वाय-फाय चालतं. तिथल्या लोकांना '@'च्या पुढचं कॉलेजचं डोमेन कळलं की पुरतं, आधीच्या जागी 'ॲनॉनिमस' लिहिलं तरी चालतं. खरं नाव बंद पाकिटातून थेट आपल्या कॉलेजला जातं. भारतात हे अर्नेट चालवतं.

हे वाचून काही उत्साही मंडळी म्हणतील, चला, मिनी प्रोजेक्टला आपणच सॅमल लिहू! कृपा करून लिहू नका. २०१२ साली जर्मन संशोधकांनी एक पेपर लिहिला. त्यांनी सॅमलची १४ सॉफ्टवेअरं तपासली, त्यातली ११ फसवता आली. युक्ती अशी, की सही केलेला खरा मजकूर तसाच ठेवायचा आणि त्याच फाईलमध्ये शेजारी खोटा मजकूर घुसवायचा. सही तपासणारा भाग खरा मजकूर बघून 'ओके' म्हणतो, आणि माहिती वाचणारा भाग खोटा मजकूर वाचतो! मोठमोठ्यांच्या हातून हे झालं, तर आपलं काय. तयार आणि तपासलेली लायब्ररी वापरायची. आणि शिक्का सांभाळायचा. २०२० साली उघडकीस आलेल्या 'सोलरविंड्स' प्रकरणात हल्लेखोरांनी काही ठिकाणी सह्या करायची प्रायव्हेट कीच पळवली होती. मग काय, पासवर्ड न लागता हव्या त्या नावाचं प्रमाणपत्र ते स्वतःच छापू शकत होते. प्राचार्यांच्या ड्रॉवरमधला शिक्का चोरीला गेल्यावर बोनाफाईडला काय किंमत?

त्या मानाने किरकोळ वाटणारी, पण हमखास नडणारी गोष्ट म्हणजे सर्व्हरचं घड्याळ. प्रमाणपत्राची मुदत पाच मिनिटांची, आणि शिबोलेथ साधारण तीन मिनिटांचा फरक चालवून घेतं. कॉलेजचा सर्व्हर दहा मिनिटं पुढे असेल तर प्रत्येक प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' म्हणून परत येतं, आणि सगळे पासवर्डला दोष देत बसतात. एन.टी.पी. चालू ठेवा, बस्स.

हे सगळं जर्नलपुरतंच आहे असं समजू नका. आपल्याकडे मागच्या वर्षांचे प्रश्नपत्रिकांचे संच आणि जुने प्रोजेक्ट रिपोर्ट एका सर्व्हरवर ठेवायचे असं दर वर्षी ठरतं. दर वर्षी कुणीतरी त्यासाठी पी.एच.पी.मध्ये लॉगिनचं पान लिहायला बसतं, मायएसक्यूएलमध्ये 'यूजर्स' नावाचा टेबल काढतं, त्यात सगळ्यांचे पासवर्ड, आणि त्यातले निम्मे मुलांच्या ई-मेलचेच! कशाला? फोल्डर नुसता वाचायचा आहे. अपाचे वेब सर्व्हरला शिबोलेथचं मोड्यूल जोडायचं आणि त्या फोल्डरला एका ओळीचा नियम द्यायचा, की आपल्या डोमेनचा 'मेंबर' असेल त्यालाच दाखव. संपलं. यूजर्सचा टेबलच नाही, मग चोरीला काय जाणार? नवीन ॲडमिशन झाली, कॉलेजच्या मुख्य यादीत नाव चढलं, की त्या दिवसापासून फोल्डर दिसतो. कॉलेज सोडलं, नाव उतरलं, दार बंद. फाईल चढवणारे दोघं-तिघं असतील त्यांना मात्र नाव-गाव असलेलं रीतसर अकाउंट हवं, कारण लिहिणाऱ्याचं नाव कळलंच पाहिजे.

कॉलेजचं ई-मेल गुगलवर असेल तर 'गुगलने लॉगिन' वापरूनही हे जमतं, तिथे सॅमलऐवजी 'ओपन-आयडी कनेक्ट' चालतं. फक्त एक खबरदारी. लॉगिनला पाठवताना कॉलेजचं डोमेन लिहिलं म्हणजे भागलं असं समजू नका. ती नुसती सूचना असते, कुणीही ॲड्रेस बारमध्ये ती बदलू शकतो. परत येणाऱ्या, सही केलेल्या टोकनमध्ये डोमेन काय लिहिलंय ते तपासायचं. नाहीतर जगातला कुठलाही जीमेलवाला आपल्या कॉलेजचा 'मेंबर'!

लायब्ररीतल्या आणि लॅबमधल्या कॉम्प्युटरवर काम झालं की ब्राउझर पूर्ण बंद करायला विसरू नका. एका लॉगिनवर सगळी दारं उघडतात, तशी ती उघडीही राहतात. पुढचा बसणारा तुमच्याच टोपणनावाने वाचायला लागतो, आणि माळ बंद झाली तर ती तुमची होईल.

फायनल इयरच्या दादा-ताईंसाठी शेवटचं. वरच्या आठ शब्दांतला 'अलम' म्हणजे माजी विद्यार्थी, आणि प्रकाशकांच्या करारात तो सहसा बसत नाही. निकाल लागून कॉलेजच्या यादीतून नाव उतरलं, की 'मेंबर' जातो आणि त्याबरोबर जर्नलही. एम.टेक.च्या किंवा बाहेरच्या अर्जांसाठी जे पेपर लागणार आहेत ते आत्ताच काढून ठेवा. पण एका रात्रीत नको, आणि स्क्रिप्ट लावून तर मुळीच नको!